चाळीस हिरवी मनगटं

चौथीच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती. एकेचाळीस डाव्या मनगटांवर एकेचाळीस दाहपट्ट्या होत्या. त्यांतल्या चाळीस हिरव्या, एक लाल. फळ्याशेजारच्या टेबलावर दुपारच्या जेवणाच्या चाळीस विटा रचलेल्या होत्या. डबा एकच होता, स्टीलचा, आणि तो लाल पट्टीच्या मुलीच्या दप्तरात होता.

डॉ. शाल्मली बिराजदारने हे सगळं दारातच मोजून घेतलं. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी मोजायचं ही तिची कॉलेजपासूनची सवय. तिच्या हातात नवं यंत्र होतं आणि ते सोलापुरातल्या शंभर मुलांवर तपासून बघायचं एवढंच तिचं काम होतं. विटेशी तिचं काही भांडण नव्हतं. निदान त्या सकाळपर्यंत.

विटेचं सरकारी नाव ‘समान्न’. साच्यातून काढलेला, तपकिरी, गोडसर वासाचा चौकोन. गेली सहा वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत दुपारी हाच मिळत होता आणि पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्याचं नाव वीट ठेवलं होतं. दाहपट्टी त्याच योजनेतली. शरीरात कुठे दाह धुमसत असला की यकृत एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडतं. त्याला दाह-साक्षी म्हणत. पट्टी घामातून त्याचा अंदाज घेई आणि दाहांक दाखवी. दाहांक एकच्या आत असला की हिरवी, वर गेला की लाल. रोज प्रार्थना झाली की मुलं डावा हात वर करत आणि बाई मनगटं बघत. सगळी हिरवी असली तर वर्गाच्या दाराला दिवसभर हिरवं तोरण.

या वर्गाच्या दाराला तोरण नव्हतं.

“एकटीमुळे,” हत्तुरे बाई शाल्मलीच्या कानाशी म्हणाल्या. “चाळीस पोरं रोज हात वर करतात, आणि ही गाजुल सगळ्यांच्या शेवटी हात वर करते, तोही असा की जणू हिला बक्षीस मिळालंय.”

“ती वीट खात नाही?”

“उलटी होते म्हणे. डॉक्टरचा दाखला आणलाय आईनं. घरनं काय आणते विचारा. भाकरी, शेंगाचटणी. कधी नुसता आंबट सारभात. सकाळी चहात खारी बुडवून येते. मग होणार नाही तर काय लाल.”

मुलीचं नाव सौजन्या गाजुल. वय नऊ. घरी तिला चिन्नी म्हणत, हे तिनं न विचारताच सांगितलं. शाल्मलीनं तिला बाकावर आडवं केलं, मानेवर यंत्राची एक टिकली चिकटवली, मांडीवर एक.

“याच्यानं काय कळतंय?” चिन्नीनं विचारलं.

“तुझं हृदय धडकलं की रक्ताची एक लाट निघते. ती मानेपासून मांडीपर्यंत किती वेगानं जाते ते. रबरी नळी मऊ असली की लाट सावकाश जाते. नळी कडक झाली की भरकन.”

“मग भरकन चांगलं.”

“नाही. हळू चांगलं.”

“हळू चांगलं? पहिल्यांदाच ऐकते,” चिन्नी म्हणाली.

लहरवेगमापकावर आकडा आला: ४.६ मीटर प्रतिसेकंद. नऊ वर्षांच्या मुलीचा जसा असावा तसा. शाल्मलीनं पुढच्या बाकावरच्या मुलाला बोलावलं. मनगट हिरवंगार, दाहांक ०.४. लहरवेग ६.१. तिनं टिकल्या बदलल्या. ६.१. त्याच्या पुढची मुलगी ५.८. त्यापुढचा मुलगा ६.३, आणि हा तर कबड्डीच्या संघात होता. सहाच्या वरचा वेग तिनं आजवर पस्तिशी-चाळिशीतल्या माणसांमध्ये बघितला होता, तेही तंबाखू खाणाऱ्या.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं एकेचाळीस मुलं मोजली. दुसऱ्या दिवशी आपल्या प्रयोगशाळेतलं दुसरं यंत्र आणून पुन्हा मोजली. आकडे हलले नाहीत. चाळीस हिरव्या मुलांच्या धमन्या बापाच्या वयाच्या होत्या आणि एकट्या लाल मुलीच्या तिच्या स्वतःच्या वयाच्या.

•

“यंत्र उलटं धरलं होतंस का?” डॉ. आराध्ये म्हणाले. प्रयोगशाळेचे ते प्रमुख. वाईट बातमी आली की आधी थट्टा करायची ही त्यांची रीत.

“सर, शहरात तेवीस मुलं आहेत ज्यांना विटेतून सूट आहे. तेवीसच्या तेवीस मोजली. सगळ्यांचा दाहांक दोन-तीनच्या घरात, सगळ्यांची पट्टी लाल. आणि सगळ्यांच्या धमन्या मऊ.”

“आणि वीट खाणारी?”

“जितकी वर्षं जास्त, तितकी धमनी कडक. पहिलीतल्यांची थोडी, सातवीतल्यांची पार.”

आराध्ये खुर्चीत सावरून बसले. “म्हणजे दाह आहे, पण साक्षी नाही.”

“विटेत आहे तरी काय? बारीक दळलेला स्टार्च, साखर, दोन-दोनदा तापवलेलं तेल, आणि ते सगळं वर्षभर एकजीव ठेवणारे पायसकारी. धमनीच्या आतल्या अस्तराला सूज यायला एवढं पुष्कळ आहे. सूज रोज येते, रोज बरी होते, आणि दर वेळी थोडा व्रण ठेवून जाते. आकडा वाढायला हवा, सर. तो वाढत नाही.”

“मग यकृत ऐकत नाहीये.”

तपासायला दीड महिना लागला. काचेच्या बशीत वाढवलेल्या यकृतपेशींना तिनं दाहाचा संदेश देणारं रसायन दिलं. पेशींनी साक्षी-प्रथिन सोडायला सुरुवात केली. मग विटेचा अर्क घातला. पेशी गप्प झाल्या. संदेश पोचत होता, पेशी जिवंत होत्या, फक्त उत्तर देत नव्हत्या. शेजारच्या बशीत धमनीच्या अस्तराच्या पेशी होत्या. त्यांना तोच अर्क दिला, तर त्या जास्तच सुजल्या. विटेतल्या एका पायसकारीत हा गुण निघाला. शाल्मलीनं त्याला नाव दिलं, मूकक.

“गिरणीचा भोंगा कापून टाकलाय यांनी,” आराध्ये बशीकडे बघत म्हणाले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. “गिरणी चालूच आहे. तिन्ही पाळ्या.”

“मुद्दाम केलं असेल?”

“तेच विचारायला जा. पण मला वाटतं, उत्तर ऐकून तुला जास्त राग येईल.”

•

जिल्हा पोषण समितीची बैठक जुलैत झाली. शाल्मली अहवाल घेऊन गेली, तर विषयपत्रिकेवर तिच्या आधी वीट बनवणाऱ्या कंपनीचे मिहीर सबनीस. त्यांनी पडद्यावर आलेख लावला.

“मार्चअखेर बघा, सगळा जिल्हा हिरवा. आता मे. मुलं सुट्टीत घरी, आणि सरासरी दाहांक पावणेतीनवर. जूनमध्ये शाळा उघडल्या, पंधरवड्यात पुन्हा एकच्या आत. दर वर्षी हेच. आकडे बोलतायत, आम्ही काही बोलत नाही.”

“म्हणजे घरचं जेवण,” अध्यक्ष निंबर्गी मॅडम म्हणाल्या.

“मी असं म्हणणार नाही,” सबनीस म्हणाले आणि दुसरा आलेख लावला, ज्याच्यावर तेच म्हटलेलं होतं.

शाल्मली उठली. आपली पाळी आलेली नाही हे तिला माहीत होतं. “सुट्टीत मूकक बंद झाला आणि यकृत शुद्धीवर आलं, म्हणून आकडा चढला. मे महिन्यात मुलं आजारी पडली नाहीत, मॅडम. आजारी आहेत हे मे महिन्यात दिसलं.”

तिनं सगळं सांगितलं. बश्या, पेशी, लहरवेग. सबनीसांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ते गृहस्थ उद्धट नव्हते, ही त्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट होती.

“आम्ही लपवलेलं काही नाही,” ते शांतपणे म्हणाले. “वीट कुणा माणसानं बनवली नाही. आमचा पाकशोधक आहे, संगणकावरची प्रणाली. तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: दाहांक खाली आण, वर्षभर टिकव, खर्च ठरलेल्या मर्यादेत ठेव. तिनं लाखो पाककृती करून बघितल्या आणि ही निवडली. तो पदार्थ विटेत का आला, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हालाही माहीत नव्हतं.”

“त्या तीन गोष्टींत धमनी कुठे होती?”

“धमनी करारात नव्हती.”

“मुलांच्या अंगात आहे ती.”

“बिराजदार मॅडम, बसून बोला,” निंबर्गी म्हणाल्या. “तुमचं हे यंत्र मान्यताप्राप्त यादीत आहे का?”

“नाही.”

“आणि घरचं खाणारी मुलं तुम्ही मोजलीत तेवीस. जिल्ह्यात पावणेदोन लाख मुलं आहेत. तेवीस म्हणजे काय?”

“तेवीसच उरलीत, कारण बाकी सगळ्यांना तुम्ही वीट खायला घातलीत.” शाल्मलीचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला इच्छाही नव्हती. “सहा वर्षांपूर्वी दाहांक तीनच्या आत असला की मूल ठणठणीत समजत. मग विटेनं सरासरी खाली आली, आणि तुम्ही त्या सरासरीवरून मर्यादा एकवर आणली. गप्प केलेल्या यकृतांवरून निरोगीपणाचं माप काढलंत. आता जे मूल खरोखर धड आहे तेच तुमच्या पट्टीवर लाल दिसतं, आणि तुम्ही त्याच्या आईला विचारता, काय खायला घालतेस म्हणून.”

निंबर्गी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचार केला. मग त्यांनी दोन निर्णय दिले. पहिला असा, की लाल मुलांना समितीसमोर आणावं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या यंत्रावर, तिथल्याच तंत्रज्ञाकडून त्यांची मोजणी व्हावी. ती बिराजदारांच्या आकड्यांशी जुळली तर वीट थांबवू. दुसरा निर्णय विषयपत्रिकेवर आधीपासूनच होता: सुट्टीतली वाढ रोखण्यासाठी समान्न आता रेशन दुकानातही मिळेल, आणि ज्या मुलांची पट्टी लाल आहे त्यांच्या पालकांना मुदत देण्यात येईल. तेवढ्यात पट्टी हिरवी झाली नाही, तर मुलाची रवानगी सरकारच्या ‘पोषण निवास’ या वसतिगृहात.

“दोन्ही एकदम कसं होईल?” शाल्मलीनं विचारलं. “मोजणी होईपर्यंत तरी नोटिसा थांबवा.”

“मोजणी लवकरच घेऊ,” निंबर्गी म्हणाल्या.

•

अंबिका गाजुलचं घर जुन्या विडी वसाहतीत होतं, दोन खोल्यांचं. ती टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. नवरा सुरतेला मागावर. शाल्मली गेली तेव्हा ती नुकतीच पाळी संपवून आली होती आणि केसांवर सुताचे पांढरे तंतू तसेच होते. चिन्नी शेजारच्या घरी पत्ते खेळत होती. भिंतीपलीकडून तिचा भांडणाचा आवाज येत होता.

“बसा की मॅडम. चहा ठेवते.”

“नोटीस आली?”

“आली. दसऱ्यापर्यंत हिरवं करा, नाहीतर पोरीला नेतो म्हणलालेत.” अंबिकानं गॅस पेटवला. “त्या निवासात महिन्यातून एकदा भेटायला देतात. पोरगी अजून माझा पदर तोंडावर घेतल्याशिवाय झोपत नाही.”

“अंबिकाताई, ऐका. तुमच्या मुलीला काहीही झालेलं नाही. उलट अख्ख्या शाळेत तिचंच हृदय सर्वांत चांगलं आहे. ती खातेय तेच तिला खाऊ द्या. भजी जरा कमी केलीत तर उत्तम, पण वीट देऊ नका. मी हे समितीसमोर सिद्ध करणार आहे.”

“कधी?”

“तारीख पडायचीय.”

अंबिकानं चहात साखर टाकली, ढवळली, आणि ढवळतच राहिली. “तुम्ही म्हणता पोरगी चांगली आहे. मला खरंच वाटतंय. पळते बघा कशी, सापडत नाही. पण मॅडम, ते तुमचं चांगलं कुठं दिसतंय का? हे लाल दिसतंय. बाई बघतात, वर्गातली पोरं बघतात, काल रेशनवाला पण बघून म्हणला, का गं, आई जेवायला घालत नाही का.” तिनं कप पुढे केला. “मी नऊ वर्षं घातलंय जेवायला.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत असून काय. सही त्यांची चालते.”

मी आहे ना, असं शाल्मली म्हणाली, आणि बाहेर पडल्यावर गाडी सुरू न करता बराच वेळ स्टिअरिंगवर मुठी आवळून बसली. तिला शास्त्र येत होतं. दसऱ्याच्या आधीची तारीख आणता येत नव्हती.

तारीख सप्टेंबरमध्ये पडली आणि पुढे गेली, कारण तंत्रज्ञ रजेवर. दसरा झाला. नोव्हेंबरमध्ये पडली, पुढे गेली, सभागृहाची रंगरंगोटी. जानेवारीत निवडणुकीची आचारसंहिता आली. प्रत्येक वेळी शाल्मलीनं पत्र लिहिलं आणि प्रत्येक वेळी तिला नम्र उत्तर आलं. तेवढ्यात तेवीसपैकी नऊ मुलं पोषण निवासात गेली आणि तिथे वीट खाऊ लागली. तेरा जणांच्या पालकांनी विटेतून सूट देणारे दाखले परत केले आणि शाळेतच वीट सुरू केली. चिन्नीचा दाखला मात्र शाळेच्या फायलीत होता. ती अजून घरीच होती, रोज डबा नेत होती. दसरा उलटूनही तिला न्यायला कुणी आलं नाही, हे आपल्या पत्रांमुळेच असणार अशी शाल्मलीनं स्वतःची समजूत घातली होती.

“एक पुरे,” आराध्ये तिला म्हणाले. “एक लाल मनगट आणि एक मऊ धमनी, त्यांच्याच यंत्रावर. मग त्यांना निवासातली नऊ मुलंही मोजावी लागतील.”

•

मोजणी फेब्रुवारीत झाली, सकाळी अकराला. समितीचे सभासद अर्धवर्तुळात बसले होते, मधोमध तपासणीचं टेबल, शेजारी महाविद्यालयाचं यंत्र आणि त्यांचा तंत्रज्ञ. सबनीस दुसऱ्या रांगेत.

अंबिका नवी साडी नेसून आली होती. दारातूनच तिनं शाल्मलीला हाक मारली आणि चिन्नीचा डावा हात वर धरला.

“मॅडम, बघा.”

पट्टी हिरवी होती.

शाल्मलीला आधी वाटलं, पट्टी बिघडली. तिनं ती काढून आपल्याकडची दुसरी लावली. तीही हिरवी झाली.

“काय केलंत?”

“तुम्ही रागावू नका.” अंबिकाचा आवाज हलका झाला, पण चेहऱ्यावरचा आनंद जात नव्हता. “नोटिशीनंतर लगेच सुरू केलं. नुसती खाल्ली की ओकायची, त्यातच दोन महिने गेले. मग मी वीट मिक्सरला दळली आणि भाकरीच्या पिठात मिसळली. चिंचेच्या सारात बुडवली की वासच लागत नाही. डब्यात तीच, रात्री पण तीच. शाळेतली पोरं एक खातात, मी दोन घातल्या, लवकर व्हावं म्हणून. दसऱ्याला दोन दिवस राहिले होते बघा, तेव्हा हिरवी झाली. वर्गाला तोरण लागलं. चौथीच्या हत्तुरे बाईंनी स्वतः येऊन पेढा दिला हिला.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही नको म्हणला असता.”

चिन्नी आपल्या मनगटाकडे बघत होती. “आता मी हात शेवटी नाही वर करत,” ती म्हणाली. “सगळ्यांबरोबर करते.”

सबनीसांनी हे ऐकलं होतं. ते पुढे आले आणि अंबिकाला नमस्कार करून म्हणाले, “अभिनंदन, ताई.” त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं, असं वाटलं. शाल्मलीला त्या क्षणी हातातलं यंत्र कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटलं, आणि कुणाच्या ते ठरवता आलं नाही, कारण समोर एकही माणूस असा नव्हता ज्यानं सांगितलेलं काम नीट केलं नव्हतं. पाकशोधकानं आकडा खाली आणला. समितीनं आकडा खाली ठेवला. आता या बाईनंही आणला. तिची पोरगी घरी राहिली होती.

निंबर्गींनी कागद आवरायला घेतले. “बिराजदार मॅडम, लाल मूल आता एकही उरलं नाही. मग मोजायचं काय?”

“हिलाच मोजा.”

“कशासाठी? पट्टी हिरवी आहे.”

“म्हणूनच. मागच्या वर्षी जानेवारीत ही मुलगी वीट खात नव्हती, तेव्हाचे आकडे तुमच्याकडे माझ्या अहवालात आहेत. मूकक यकृताला गप्प करतो पण धमनीला वाचवत नाही, असं मी म्हणतेय. मी चुकत असेन तर दाहांक उतरल्यावर धमनी तशीच मऊ असेल.” तिनं पेन काढलं. “तसं असेल तर मी अहवाल मागे घेते. इथेच सही करते.”

आराध्ये मागच्या रांगेतून तिच्याकडे बघत होते. वर्षभर आपलं खरं ठरावं म्हणून ती धडपडली होती. आता टेबलावर चढणाऱ्या त्या मुलीकडे बघताना आपलं सपशेल खोटं ठरावं, सगळ्या बश्या, सगळ्या पेशी, सगळं चुकलेलं निघावं, एवढंच तिला हवं होतं.

“झोपू का?” चिन्नीनं विचारलं. तिला सगळं आठवत होतं. मान तिनं स्वतःच एका बाजूला केली. “हळू चांगलं ना?”

“हो.”

अंबिका उशाशी उभी राहिली. तंत्रज्ञानं एक टिकली मानेवर लावली, एक मांडीवर, आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. पडद्यावर एकामागून एक लाटा उमटत गेल्या. त्यानं मोजणी तीनदा घेतली. तिसऱ्यांदा घेण्याआधी टिकल्या बदलल्या. मग बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि तो शेजारच्या यंत्रात घातला.

“आधीची नोंद वाचा,” निंबर्गी कारकुनाला म्हणाल्या.

“सौजन्या गाजुल, वय नऊ. दाहांक दोन पूर्णांक चार. लहरवेग चार पूर्णांक सहा मीटर प्रतिसेकंद.”

“आजची?”

तंत्रज्ञानं पडदा समितीकडे वळवला आणि वाचलं.

“सौजन्या गाजुल, वय दहा. दाहांक शून्य पूर्णांक तीन. लहरवेग पाच पूर्णांक नऊ मीटर प्रतिसेकंद.”